रिकामे पारडे

निरीक्षकांनी दुसरा स्पंज मिठाच्या पाण्यातून काढला, बोटांच्या चिमटीत धरून हलकेच पिळला आणि बायकोच्या उजव्या भुवईवर ठेवला. पहिला स्पंज आधीच डाव्या कानाच्या वर, केस बाजूला सारून बसवलेला होता. रबरी पट्टा दोन्हींवरून ओढून त्यांनी तिच्या डोक्यामागे अडकवला. पाण्याचा एक थेंब कानामागून मानेवर उतरू लागला, तो टॉवेलच्या टोकाने टिपला.

"घट्ट होतंय का?"

"नाही."

"मग करतो सुरू."

यंत्र साबणाच्या वडीएवढे होते. दोन तारा स्पंजांतून निघून खुर्चीच्या पाठीमागे, त्यांच्या तळहातावरच्या त्या डबीत येऊन मिळत. यंत्राला आवाज नव्हता. बटण दाबले की कोपऱ्यात एक हिरवा दिवा लागे आणि वीस मिनिटांनी आपोआप विझे, एवढीच त्याची भाषा. निरीक्षकांनी अंगठा बटणावर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात साडेसातला दोन मिनिटे कमी होती. त्यांनी अंगठा तसाच, न दाबता, उचलून घेतला.

"झालं सुरू," ते म्हणाले.

वीस मिनिटे ते रोजच्यासारखे तिच्या मागे स्टुलावर बसून राहिले. समोर तिची मान होती. पट्ट्याखालून सुटलेले चार पांढरे केस होते. ही मान आपण किती वर्षांत इतकी निरखून पाहिली नाही, असे त्यांच्या मनात आले आणि त्यांनी घड्याळाकडे नजर वळवली. खोटे बोलून झाल्यावर वेळ एवढा सावकाश जातो, हे त्यांना ठाऊक नव्हते. तशी सवय नव्हती.

"झालं," शेवटी ते म्हणाले.

तिने वही ओढली. दवाखान्याने सुटे छापील कागद दिले होते. ते तिने पहिल्याच दिवशी दोऱ्याने शिवून टाकले होते. छापखान्याच्या बांधणी विभागात एकवीस वर्षे तिने पुस्तकांची पाने शिवली होती, सुटे कागद तिला बघवत नसत. तारीख, वेळ, वेदना शून्य ते दहापैकी किती, मदतनीसाची सही. तिने वेदनेच्या रकान्यात चार लिहिले आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

निरीक्षकांनी खिशातले पेन काढले आणि सही केली.

*

त्यांच्या कामात रिकाम्या पारड्याला मोठा मान होता. वजनमापे खात्यात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला कुणी झोपेतून उठवून विचारले असते, तरी त्याने हेच सांगितले असते की काट्यावर काही ठेवण्याआधी काट्यावर काही नसताना तो काय बोलतो ते बघा. शून्यावर शून्य दाखवणारा काटाच पुढे ऐकण्याच्या लायकीचा. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत. ते दुकानाच्या पायरीवर दिसले की तराजूवरची धूळ आपोआप पुसली जाई. सही करण्याआधी ते कागद दोनदा वाचत, आणि दोनदा वाचल्याचा त्यांना अभिमान होता. माणसाला एखादा तीळ असावा तितका तो त्यांच्या अंगाचा भाग झाला होता.

बायकोच्या दुखण्यावर मात्र कुठला काटा चालत नव्हता. खांदे, मग कंबर, मग गुडघे, मग तळहात. रक्त तपासून झाले, हाडांचे फोटो झाले, सगळे कागद स्वच्छ. "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत," हे वाक्य त्यांनी पाच वर्षांत इतक्यांदा उच्चारले की ते म्हणण्याआधीच तिची मान खाली जाऊ लागली. एकदा मेहुणीच्या घरी, दहाबारा माणसांत, कुणीतरी तिच्या प्रकृतीची चौकशी केली तेव्हा ते म्हणाले होते, "हिचं दुखणं पाहुण्यासारखं आहे. कधी येईल, कुठे बसेल, आणि आपण जा म्हटलं तर किती दिवस राहील, काही सांगता येत नाही." सगळे हसले होते. तीही हसली होती. हसताना तिने हातातली बशी खाली ठेवली होती, हे त्यांना आठवत होते. का ठेवली, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

मग एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला नाव दिले: फायब्रोमायाल्जिया. शरीरात मोडतोड नसते, त्या म्हणाल्या, पण मेंदूतला वेदनेचा आवाज मोठा झालेला असतो. बाहेरून अगदी सौम्य प्रवाह देऊन तो कमी होतो का, ते आपण बघू. काहींना होतो, काहींना नाही. यंत्र घरी नेता येईल, तीस दिवस, न चुकता. बायको बाहेर येऊन बाकावर बसली आणि रडली. नाव मिळाले म्हणून कुणी रडते, हे निरीक्षकांना विचित्र वाटले.

पहिल्या दिवशी तिने आठ लिहिले होते. बाराव्या दिवसापर्यंत त्याचे चार झाले. निरीक्षक खूष व्हायला हवे होते, आणि होतेही. पण यंत्रातून येणारे दोन मिलिअँपिअर म्हणजे किती, हे त्यांना माहीत होते. एवढ्या विजेने मुंगी दचकणार नाही. दवाखान्याने दिलेले माहितीपत्रक त्यांनी दोनदा वाचले. त्यात होते की अभ्यासात काही रुग्णांना नुसताच पट्टा लावतात, प्रवाह देत नाहीत, आणि त्यांतल्याही काहींना बरे वाटते. दोन्ही वेळा ते तिथेच थांबले. त्याखाली आणखी एक परिच्छेद होता.

त्याच दुपारी धान्याच्या गोदामात काटेदुरुस्तीचा मिस्त्री एका जुन्या काट्यापाशी उकिडवा बसून हसत होता.

"साहेब, याची गंमत बघा. पोतं ठेवलं तरी दोन किलो जास्त, पोतं काढलं तरी दोन किलो. याला वजन लागतच नाही हो, याच्या मनातच वजन आहे!"

निरीक्षकही हसले. काट्यावर लाल पट्टी चिकटवून त्यांनी तो बाद केला. घरी जाताना मात्र ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखे पावलागणिक बोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगठा उचलून घेतला.

*

एका दिवसाची नोंद म्हणजे नोंद नव्हे. त्यांनी सात दिवस धरले. सातही दिवस स्पंज तितकाच नीट भिजवला, पट्टा तितकाच काळजीने ओढला, थेंब टिपला, "झालं सुरू" म्हटले, आणि सातही दिवस तिने वहीत लिहिले ते असे: चार, चार, पाच, चार, चार, चार, चार.

निरीक्षकांना वाटले होते, खरे काय ते कळल्यावर मोकळे वाटेल. तसे काही झाले नाही. रोज वीस मिनिटे ते तिच्या मानेकडे पाहत बसत, आणि रोज त्या मानेला काहीतरी कळते आहे असा भास होऊन त्यांच्या हातातली डबी घामाने ओली होई.

सातव्या दिवशी ते कचेरीला निघाले आणि चष्मा विसरला म्हणून फाटकातून परतले. दार उघडेच होते. स्वयंपाकघरात बायको नळ बंद करत होती. बोटे वर, हवेत धरलेली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती आणि ओली करून चालणार नव्हते. दोन्ही मनगटांच्या मधे नळाची चावी धरून ती अख्ख्या अंगाने वळत होती. नळ बंद झाला. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तोंडातून श्वास सोडला, आवाज न करता. घरात कुणी नसताना कण्हायलाही माणूस लाजते, असा तो श्वास होता.

अर्ध्या तासापूर्वी तिने चार लिहिले होते.

निरीक्षक चष्मा न घेताच मागे फिरले. दिवसभर डोळे बारीक करून त्यांनी कागद वाचले. संध्याकाळी मिस्त्री म्हणाला, "साहेब, आज डोळे सुजलेत," तर ते त्याच्यावर उगाच खेकसले.

आठव्या दिवशी त्यांनी बटण दाबले. हिरवा दिवा लागला. बायकोचा हात मांडीवरून उठला, भुवईवरच्या स्पंजाकडे गेला, वाटेत थांबला आणि परत मांडीवर आला. सात दिवसांचे सांगायचे कुणाला, आणि कशासाठी? आता तर यंत्र सुरू होते.

*

पंचविसाव्या दिवशी दवाखान्यात तपासणी होती. यंत्रांची खोली जिन्याखाली होती. तिथली तंत्रज्ञ मुलगी पंचविशीची, चटपटीत, बोलताना पेन कानावर अडकवणारी. तिने डबी तारेने संगणकाला जोडली.

"काकू, चेहरा बरा दिसतोय. वही बघू? अय्या, शिवलीत तुम्ही! आमच्याकडे लोक या कागदांवर चहाचे कप ठेवून आणतात."

बायको हसली. निरीक्षक संगणकाच्या पडद्याकडे पाहत होते. तारखांची एक रांग वर सरकत होती आणि प्रत्येक तारखेपुढे 'वीस मिनिटे' असे उमटत होते. एकदम त्यांच्या लक्षात आले. त्यांच्या तपासणीतले नवे काटेही असेच असत. कोण केव्हा काय तोलले ते पोटात ठेवत. गेल्याच वर्षी त्यांनी एका दुकानदाराला त्याच्याच काट्याच्या आठवणीवरून पकडले होते.

रांग थांबली. मुलीने कानावरचे पेन काढले.

"तेरा ते एकोणीस, सात दिवस कोरे आहेत. यंत्र लागलेलंच नाही." तिने वही उलटली. "पण वहीत तर नोंद आहे. काकांच्या सह्याही आहेत."

निरीक्षकांनी तोंड उघडले. काय बोलायचे होते ते ओठांपर्यंत आलेले होते.

"माझंच चुकलं," बायको म्हणाली. "कंटाळा आला होता. नुसते आकडे भरले."

"सात दिवस, काकू?"

"हो."

"आणि सह्या?"

"ह्यांना घाई असते सकाळी. मी वही पुढे केली की करतात सही." ती खाली, वहीच्या शिवणीकडे पाहत बोलत होती. "बघत नाहीत हे."

निरीक्षकांना आधी राग आला. न बघता सही, आणि मी! एकतीस वर्षांत न वाचता एक कागद... तो राग घशाशी आला आणि तिथेच त्यांना दिसले की या क्षणी, या खोलीत, त्यांना पहिल्यांदा कशाचे वाईट वाटले. त्यांनी पायांकडे पाहिले. एका बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला वाकावे, वाकलेलेच राहावे, असे वाटले.

मुलीचा आवाज उतरला होता. ती कठोर नव्हती, म्हणून तो ऐकवत नव्हता.

"काकू, तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पाचपेक्षा जास्त दिवस बुडले तर यंत्र परत घ्यावं लागतं. बाहेर अकरा जण थांबलेत नंबर लावून. मला वाईट वाटतंय, पण डॉक्टर मॅडम ऐकणार नाहीत."

"असू दे," बायको म्हणाली. "त्यांना द्या. मला झाला तेवढा उपयोग झाला."

मुलगी तारा गुंडाळू लागली. एक वेढा, दुसरा वेढा. स्पंज प्लास्टिकच्या पिशवीत गेले. पट्टा घडी होऊन वर बसला. निरीक्षक पाहत होते. अजून एक वेढा, मग बोलतो. पिशवीची चेन लागली, मग बोलतो. आयुष्यभर ज्या दुकानदारांना त्यांनी तोंडावर विचारले होते, 'काटा कुणी हलवला?', ते सगळे आपापल्या गल्ल्यामागे असेच उभे राहत. गप्प, तळहात पँटला पुसत. त्यांनी आपला हात पाहिला. तो पँटला पुसला जात होता.

"हिने काही बुडवलेलं नाही," ते म्हणाले.

मुलीने वर पाहिले.

"रोज बसत होती ही. पट्टा लावून, वीस मिनिटं. मी बटण दाबत नव्हतो."

"विसरलात?"

इथे एक दार उघडे होते. नुसते 'हो' म्हणायचे होते.

"नाही. मुद्दाम. बघायचं होतं." त्यांनी खाकरून पुन्हा सांगितले. "हिचं दुखणं खरं आहे का, ते बघायचं होतं."

बायकोने वहीवरचा हात काढून मांडीत घेतला. मुलीने पिशवीची चेन मागे ओढली, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पट्टा नुसता लावूनही काही जणांना बरं वाटतं, काका. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. त्या पत्रकात लिहिलंय ते."

"मी तिथपर्यंत वाचलं नाही."

"पेशंटने टाळलं नसेल तर नियम वेगळा आहे. मॅडमना विचारते, पण बहुतेक पहिल्यापासून तीस दिवस परत करू. वही मात्र दुरुस्त लागेल. आणि मदतनीस म्हणून..." ती अडखळली. "मदतनीस दुसरं कुणी आहे का घरी?"

प्रश्न त्यांना होता, पण मुलगी बायकोकडे पाहत होती.

"दुसरं कुणी नाही," बायको म्हणाली. मग म्हणाली, "हेच करतील."

मुलगी मॅडमना विचारायला गेली. निरीक्षकांनी वही ओढून घेतली. खात्याच्या शिस्तीत चुकीची नोंद खोडून काढत नाहीत. तिच्यावरून एकच आडवी रेघ मारतात, म्हणजे खाली काय होते ते वाचता येते, आणि बाजूला खरे लिहून तारखेनिशी सही करतात. त्यांनी तेराव्या दिवसाच्या सहीवरून रेघ मारली. 'प्रवाह दिला नाही,' असे लिहिले. चौदाव्यावर लिहिले. पंधराव्यावर आल्यावर त्यांना दिसले की सहीच्या शेजारी, रकान्याच्या अगदी कडेला, पेन्सिलीचे एक टिंब आहे. चष्मा सारखा करून त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. तेराव्यालाही टिंब होते. सोळाव्याला होते, एकोणिसाव्याला होते. बाराव्याला नव्हते. विसाव्याला नव्हते.

सातही रेघा त्यांनी टिंबांना धक्का न लावता मारल्या.

*

परतताना बसथांब्यावर कुणी नव्हते. यंत्राची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. बायको बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, मधे एका माणसाची जागा सोडून.

"तुला कळलं होतं," ते म्हणाले.

"पहिल्याच दिवशी. बटण दाबलं की इथे मुंग्या येतात." तिने भुवईला बोट लावले. "त्या आल्या नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुमची तपासणी चालू होती." ती रस्त्याकडे पाहत होती. "तपासणी चालू असताना दुकानदार मधे बोलतो का?"

हा विनोद होता की नाही, ते त्यांना कळले नाही. तिच्या आवाजात हसू होते, पण ते मेहुणीकडच्या त्या हसण्यासारखे होते. बस आली. चढताना तिने दांडा मनगटाने धरला. त्यांनी कोपराला आधार द्यायला हात पुढे केला आणि तो तिला लागण्याआधीच थांबला. दुखते कुठे, हे त्यांनी कधी विचारलेले नव्हते, त्यामुळे धरायचे कुठे, हे त्यांना माहीत नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्पंज भिजवले. पट्टा लावला. डबी मात्र खुर्चीमागे न धरता तिच्यापुढे टेबलावर ठेवली, दिवा तिच्याकडे करून, आणि तिच्या देखत बटण दाबले. हिरवा दिवा लागला. तिने तो क्षणभर पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

ते स्टूल घेऊन समोर बसले. मागून मान दिसे. समोरून चेहरा होता, आणि त्याच्याकडे वीस मिनिटे पाहणे मानेकडे पाहण्याहून खूप अवघड होते. दोनदा त्यांची नजर घड्याळाकडे पळाली. दोनदा त्यांनी ती परत आणली.

दिवा विझला. तिने सवयीने वहीसाठी हात पुढे केला, पण वही त्यांनी आधीच उघडून धरली होती. पेनही त्यांच्याच हातात होते.

"किती?" त्यांनी विचारले.

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. हा प्रश्न कागदाने तिला पंचवीस वेळा विचारला होता.

"मी सांगेन ते लिहाल?"

"हो."

तिने तळहात मांडीवर उलटे ठेवले, बोटे सावकाश पसरली, पुन्हा मिटली.

"सात."

वरच्या ओळींत चारांची रांग होती. मग ते चार? प्रश्न जिभेवर आला. तिथेच त्यांनी तो दातांनी धरला. पेनाचे टोक कागदावर टेकले होते आणि शाईचा ठिपका वाढत चालला होता. त्यांनी सात लिहिले, थोडे मोठे, थोडे वाकडे. मग सहीच्या रकान्यात काही न लिहिता वही तिच्यापुढे सरकवली.

तिने ती जवळ ओढली आणि वाचू लागली. सावकाश, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. टिंबांची ती पेन्सिल वहीच्या शिवणीत खोचलेली असते, हे निरीक्षकांना आता माहीत होते. तिचा हात तिकडे जातो का, याची वाट पाहत ते बसून राहिले.